मुलं लिहितील, पण वाचणारं कुणी हवं

हडपसरच्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. वर्गात ३८ मुलं. दहा-बारा जण छान वाचतात, तेवढेच अडखळतात आणि उरलेले घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते सांगू शकत नाहीत. लिहायला दिलं की सगळ्यांची नजर फळ्याकडे. ‘माझी आई’ या निबंधात वर्गातल्या झाडून सगळ्या आया पहाटे उठतात आणि रुचकर स्वयंपाक करतात. पुस्तकांसाठी पैसे नाहीत. अशा वर्गाला वाचन-लेखनाची गोडी कशी लावायची, असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, मी पुण्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवत आले आणि आता शिक्षकांबरोबर काम करते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलाच्या वहीला तपासणारा माणूस असतो, वाचणारा नसतो. म्हणून ते फळ्यावरचं उतरवतं, कारण तपासणाऱ्यासमोर तेच सगळ्यात सुरक्षित असतं. आणि मुलाला पुस्तकं वाचायला सांगणारे खूप असतात, त्याला पुस्तक वाचून दाखवणारं कुणी नसतं. या दोन जागा भरल्या की बाकीचे उपाय लागू पडतात. त्या रिकाम्या राहिल्या तर कितीही उपक्रम करा, ते फोटोपुरते होतात.

पण त्याआधी एक काम आहे, कारण ज्याला वाचताच येत नाही त्याला गोडी लागणार नाही. तुम्ही सांगितलेले तीन गट खरोखर वेगळे आहेत. प्रत्येक मुलाला एकेकटं शेजारी बसवा. एक छोटी गोष्ट त्याला वाचायला द्या आणि तेवढीच दुसरी गोष्ट तुम्ही त्याला वाचून दाखवा. दोन्ही वेळा एवढंच विचारा, “काय झालं गोष्टीत?” ऐकलेली गोष्ट सांगता येते आणि वाचलेली येत नाही, तर त्याचं अडलंय लिपीत. दोन्ही सांगता येत नाहीत, तर अडलंय भाषेत. त्या गोष्टीतले शब्द, वाक्यरचना त्याच्या कानावरून गेलेलीच नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे सूत्ररूपात मांडलं : वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. घडाघडा वाचणाऱ्या आणि काहीच न कळणाऱ्या तुमच्या मुलांचं हेच होतंय.

लिपीत अडलेल्यांना पुन्हा ‘क कमळाचा’पासून सुरू करू नका. आठ वर्षांच्या मुलाला त्याची लाज वाटते, आणि बहुतेकांना मुळाक्षरं येतही असतात. मुलं अडतात ठरावीक ठिकाणी. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, हे कित्येकांना कुणी नीट दाखवलेलंच नसतं. मग जोडाक्षरं. आणि सगळ्यात छळतो तो र. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका येतो, ‘ट्रक’मध्ये काकपदासारखा खाली बसतो आणि ‘पुऱ्या’मध्ये अर्धा होऊन य ला चिकटतो. एका आठवड्यात एकच अडचण घ्या, आठ-दहा मुलांचा गट करा आणि रोज वीस मिनिटं द्या. शब्द त्यांच्या रस्त्यावरचे निवडा. सोलापूर रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर, ड्रम रोज दिसतात. पीएमपीच्या बसवरच्या पाट्या, दुकानांची नावं, दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा हे सगळं वाचन आहे. बसची पाटी वाचता आली की ते मूल घरच्यांना सांगतं, “ही नको, ही स्वारगेटला जात नाही.” वाचनाचा असा उपयोग एकदा त्याच्या हाती लागला की पुढच्या आठवड्यात ते दुसरी पाटी घेऊन तुमच्याकडे येतं.

२०२१ मध्ये ‘निपुण भारत’ हे केंद्र सरकारचं अभियान आलं, तेव्हापासून तिसरीच्या अखेरीला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट शाळांपुढे आहे. उद्दिष्ट चांगलं आहे, कारण फार हळू वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरतं. मात्र त्यातला ‘समजून’ हा शब्द मोजायला अवघड आणि ६० हा आकडा सोपा, म्हणून आकडाच राहतो. वर्गासमोर घड्याळ लावून वाचायला उभं करू नका. वेग मोजायचाच तर एकट्याला शेजारी बसवून मोजा.

आता मुख्य गोष्ट. रोज पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. परिपाठ संपला की लगेच, पहिल्या तासाच्या आधी. दिवसाच्या शेवटी ठेवलंत तर ते कधीच होणार नाही, कारण शेवटच्या तासात नेहमी काहीतरी घुसतं. पुस्तक मुलांच्या वाचनपातळीच्या दोन पायऱ्या वरचं चालतं. कानाला जड शब्द पेलतात, डोळ्यांना नंतर पेलतील. भाषेत अडलेल्या मुलांसाठी तर याहून मोठं औषध मला माहीत नाही. त्यांच्या घरी वेगळी बोली आहे, कुणाच्या घरी कन्नड, तेलुगू किंवा बंजारा समाजाची गोरमाटी आहे. पुस्तकातली मराठी त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळायला हवी.

वाचताना संवाद बोलल्यासारखे वाचा. चित्र असेल तर फिरवा, घाई करू नका. अवघड शब्दावर थांबून अर्थ सांगत बसू नका. एखादा शब्द अगदीच अडणार असेल तर वाक्याच्या ओघातच त्याचा सोपा पर्याय बोलून पुढे जा. मोठी गोष्ट असेल तर मुलं पुढे सरकून बसली असतील तिथेच थांबा आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून गणिताला लागा. मधल्या सुट्टीत कोण त्या टेबलाशी जातं ते बघा. आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. ‘या गोष्टीतून काय बोध मिळाला?’ हा प्रश्न तर कायमचा सोडा. मुलांनी आपणहून काही म्हटलं तर त्यावर बोला, नाही म्हटलं तर शांत बसा. गोष्टीनंतर चाचणी येणार हे कळलं की मूल गोष्ट ऐकताना उत्तरं शोधायला लागतं. मुलांनी तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा वाचा. पाठ झालेली गोष्ट छापील रूपात समोर आली की अडखळणारं मूलही ती वाचतं, आणि ते खरं वाचनच असतं, कारण पुढचा शब्द काय असणार याचा अंदाज आणि अक्षर यांची गाठ तिथेच पडते.

पुस्तकांचा प्रश्न पैशांपेक्षा कुलपाचा जास्त आहे. बहुतेक शाळांमध्ये कपाटभर पुस्तकं असतात आणि किल्ली ऑफिसात असते. पुस्तक फाटलं तर साठा नोंदवहीत काय लिहायचं, ही भीती. शाळेला जुनं, फाटलेलं साहित्य निर्लेखित करता येतं, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करता येतं, त्याची पद्धत ठरलेली आहे. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा की वर्षाअखेरीला काही पुस्तकं निर्लेखनाला निघतील. मग वर्गात भिंतीला दोन दोऱ्या बांधा आणि चिमट्यांनी पुस्तकं लटकवा, मुखपृष्ठ समोर येईल अशी. कपाटात कणा दिसतो आणि आठ वर्षांचं मूल कण्यावरून पुस्तक निवडत नाही. एका वेळी पंचवीस-तीस पुस्तकं पुरतात. दर पंधरवड्याला बदला. घरी न्यायची नोंद मुलांनाच ठेवू द्या. तेही लेखनच आहे.

नवीन हवी असतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांनुसार मोफत आहेत, आणि त्या छापून वर्गात वापरायला परवानगी आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. तिसरीच्या मुलांना त्यातलं सगळं झेपणार नाही, पण तुम्हाला वाचून दाखवायला वर्षभर पुरेल. थोडे पैसे जमले तर अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकं मागा. दुकानदार आधी शुद्धलेखनाच्या वह्या आणि स्वाध्यायपुस्तिका पुढे करतील. थांबा आणि चित्रपुस्तकंच बघा. घेताना एकच कसोटी लावा : उभ्या उभ्या तुम्हाला ते शेवटपर्यंत वाचावंसं वाटलं का? डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. तिथे मुलांना नेता आलं तर न्या आणि प्रत्येकाला स्वतःचं पुस्तक निवडू द्या. तुम्हाला ते फालतू वाटलं तरी घेऊ द्या.

लेखनाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे आपण मुलांचं जास्त नुकसान करतो.

मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती. मातंग समाजातली ही किशोरवयीन मुलगी. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपल्या लोकांवर काय अन्याय होतो, आपल्याला धर्मग्रंथ वाचायचीसुद्धा बंदी का, हे तिने त्यात सरळ विचारलं. मी शिक्षकांना हे नेहमी सांगते. तिला अक्षरं शिकून फार वर्षं झाली नव्हती. पण सांगायला स्वतःचं काही होतं, आणि ‘तू लिही, आम्ही वाचतो’ म्हणणारी माणसं शाळेत होती. आपल्या वर्गातल्या मुलांकडेही सांगायला असतं. ते ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या मथळ्याखाली मावत नाही, एवढंच.

म्हणून विषय लहान करा. ‘माझी आई’ऐवजी ‘आई कशाने चिडते’. ‘माझा आवडता सण’ऐवजी ‘विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीत कोण काय करत होतं’. ‘माझी शाळा’ऐवजी ‘शाळेत मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा आणि तिथे मी काय करतो’. विषय जितका बारीक, तितकं फळ्यावर काही लिहून देणं तुम्हालाही अशक्य होतं. लिहिण्याआधी बोलू द्या. जोडीत, पाच मिनिटं. बोलता न येणारी गोष्ट या वयात लिहिता येत नाही. ज्यांना अजून वाक्य जमत नाही त्यांनी चित्र काढावं आणि शेजारी तुम्ही त्यांचं वाक्य लिहावं, ते बोलले तसंच, त्यांच्या शब्दांत. मग त्यांनी ते वाचावं. स्वतः बोललेलं वाक्य कागदावर दिसतं आणि वाचता येतं, हा अनुभव अडखळणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातल्या दहा उताऱ्यांपेक्षा जास्त देतो.

संवादवही सुरू करा. साधी चाळीस पानी वही, प्रत्येकाची एक. मुलाने त्याला हवं ते दोन-चार ओळी लिहायचं आणि तुम्ही खाली दोन ओळी उत्तर द्यायचं. ३८ वह्या रोज होणार नाहीत. दिवसाला आठ घ्या, आठवड्यात सगळ्या होतात. उत्तरात ‘छान’, ‘अक्षर सुधार’, बरोबरची खूण असलं काही नको. माणूस माणसाला लिहितो तसं लिहा. समजा एकाने लिहिलं, ‘आमची म्हस काल व्याली. रेडकु झालं.’ तुम्ही लिहा : ‘तुमची म्हैस व्याली! रेडकू काळं आहे की भुरं? तुमच्या घरी खरवस केला का?’ दोन्ही शब्द बरोबर लिहिलेले त्याच्या डोळ्यांसमोर आले, लाल शाई लागली नाही, आणि आता त्याला उत्तर द्यायचंय, कारण तुम्ही विचारलंय. पुढच्या खेपेला तो ‘रेडकू’ तुमच्या ओळीत बघून लिहील. सगळे लिहिणार नाहीत. पण वही परत मिळाली की मुलं आधी तुमची ओळ वाचतात, आणि हे वाचन त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

शुद्धलेखन सोडून द्या असं मी म्हणत नाही. ते वेगळ्या वेळी शिकवा. आठवड्याला एक नियम घ्या. शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ असतो, हा पहिला. पाणी, आई, लाडू, वाळू. मुलांना पुस्तकांतून असे शब्द शोधायला लावा, कागदाच्या पट्टीवर लिहून भिंतीवर लावा. कुणीतरी ‘आणि’ शोधून आणेल आणि विचारेल, मग हा ऱ्हस्व का? तेव्हा अपवाद सांगा. त्यांनी स्वतः पकडलेला अपवाद त्यांच्या लक्षात राहतो. वहीत तपासताना त्या आठवड्याच्या नियमापुरतंच बोट ठेवा. पाच ओळींत चौदा लाल गोल पाहिलेलं मूल पुढच्या वेळी तीनच ओळी लिहितं, आणि त्याही कुठेतरी वाचलेल्याच.

बोलीबद्दल काळजी घ्या. हडपसर, मांजरी, फुरसुंगी या पट्ट्यात लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडून आलेली कुटुंबं खूप आहेत. मूल ‘पानी’ म्हणतं, ‘न्हाई’ म्हणतं. वर्गात कुणी हसलं तर त्या मुलाचं तोंड बंद होतं आणि तोंडापाठोपाठ पेन्सिलही. फळ्यावर दोन रकाने करा : आमच्या घरी असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात. दोन्ही रकाने मुलांकडूनच भरून घ्या. गोष्टीतलं पात्र बोलतं तेव्हा पहिल्या रकान्यातले शब्द वापरायला पूर्ण मुभा ठेवा.

लिहिलेल्याला वर्गाबाहेरचा वाचकही मिळू द्या. पुण्यात पाट्यांची परंपरा आहे, तिचा वर्गात चांगला उपयोग होतो. शाळेत कुठे पाटी हवी ते मुलांनी ठरवावं आणि लिहावी. ‘नळ बंद करा’ एवढ्यावर थांबू देऊ नका. कुणाला सांगायचं, त्याने का ऐकावं, हे बोलून घ्या. ‘नळ नीट बंद करा. पहिलीतल्या मुलांचा हात वरपर्यंत पोचत नाही’ अशी पाटी आली की समजायचं, मुलं वाचकाचा विचार करायला लागली. आठ दिवसांनी नळाशी काय फरक पडला तेही त्यांनाच पाहू द्या.

तुमच्या शाळेला एक फायदा आहे, जो शहरातल्या बऱ्याच शाळांना नाही. ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची, दोन्ही पालख्या पुण्यातून पुढे जाताना हडपसरवरून जातात. शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत बहुधा पालखी येते. एरवी आपण मुलांना वारीवर निबंध देतो आणि सगळ्यांच्या वह्यांत ‘टाळ-मृदंगाचा गजर’ येतो. त्याऐवजी आधी प्रश्न लिहायला सांगा. वारकऱ्यांना काय विचारायचं? गाव कुठलं, रात्री झोपता कुठे, पाय दुखले तर काय करता, घरी गुरांना कोण बघतं. प्रत्येकाने दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यायचे, घरच्या मोठ्या माणसाबरोबर जायचं, विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात लिहायचं. ती सगळी पानं शिवून एक पुस्तक करा, मुखपृष्ठ करा, आत लेखकांची नावं घाला आणि दोरीवर लटकवा. वर्गातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक तेच असेल, माझा तरी अनुभव तसाच आहे. अडखळणारी मुलंसुद्धा आपलं पान शोधून काढतात आणि मग शेजाऱ्याचं वाचतात.

बक्षिसांबद्दल थोडं. ‘सर्वाधिक पुस्तकं वाचणारा विद्यार्थी’ असा फिरता करंडक ठेवू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांपैकी काहींना चित्रासाठी प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलं गेलं. नंतरच्या दिवसांत तीच मुलं आपणहून चित्रं काढण्यात इतरांपेक्षा बराच कमी वेळ घालवू लागली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. वाचनातही मी हेच पाहिलं आहे. करंडक असला की मुलं पातळ पुस्तकं निवडतात आणि शेवटचं पान उलटून नोंद करतात. पुस्तक वाचल्याबद्दल द्यायचंच असेल तर पुढचं पुस्तक द्या. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जरूर साजरा करा, पण त्या दिवशीही पाहुण्यांच्या भाषणाऐवजी मुलांना तासभर वाचू द्या.

पालकसभेत ‘मुलांकडून रोज वाचन करून घ्या’ असं सांगून उपयोग नाही. अनेक आयांना वाचता येत नाही आणि त्या सभेत खाली मान घालून बसतात. त्यांना सांगा, मूल वाचेल तेव्हा पोळ्या लाटता लाटता ऐका आणि ‘मग पुढं काय झालं?’ एवढं विचारा. आणि आठवड्यातून एकदा स्वतः काहीतरी सांगा, माहेरची गोष्ट, ओवी, खर्ड्याची कृती. मूल ते लिहून आणेल. आईकडे वहीत जाण्यासारखं काही आहे, हे दोघांनाही पहिल्यांदा कळतं.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त रोजचं मोठ्याने वाचन आणि दोरीवरची पुस्तकं. मग संवादवही. अडखळणाऱ्यांचा गट तिच्याबरोबरच. बाकीचं जमेल तसं. संवादवहीत पहिला महिनाभर ‘मी सकाळी उठलो, दात घासले, शाळेत आलो’ असंच येईल. त्यालाही उत्तर द्या. ‘दात घासताना तू कशाचा विचार करतोस?’ असं विचारलंत की पुढच्या वेळी वेगळं काही येतं. दोन-तीन मुलं दिवाळीपर्यंत काहीच लिहिणार नाहीत, नुसती चित्रं काढतील. चित्रालाही लेखी उत्तर द्या आणि वाट बघा.

तपासणीला आलेले अधिकारी निबंधवही कमी भरलेली का, असं विचारतील. त्यांच्यासमोर कुठल्याही पाच संवादवह्या ठेवा, चांगल्या निवडून नव्हे, गठ्ठ्यातल्या वरच्या पाच. प्रत्येकीतलं पहिलं पान आणि आजचं पान दाखवा. वर्गातल्या अडखळणाऱ्या मुलांची यादी, त्यांची जूनमधली अडचण आणि आत्ताची, एका कागदावर तारखेनिशी लिहून ठेवलेली असू द्या. मुख्याध्यापकांना मात्र हे आधीच, जूनमध्येच सांगून ठेवा. तपासणीच्या दिवशी ते तुमच्या बाजूने बोलले पाहिजेत.